पेटीवर नाव होतं

…नाही, पण मला एक सांगा, माणूस डोळ्यांसमोर कोसळला तर आधी पाणी द्यायचं, की आधी त्याची कुळी विचारायची? थांबा. मी मधूनच सुरू झालो, माफी मागायची राहिलीच. हे मी आज दुपारी बसून लिहून काढलंय. सातवीनंतर माझी शाळा सुटली, त्यामुळे यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका रग्गड आहेत, पण मी वाचून दाखवतोय म्हणजे त्या तुम्हाला ऐकू येणार नाहीत, तेवढं एक बरं. शब्दही साधेच आहेत. पूजा झाली, प्रसाद झाला, भजनाची मंडळी अजून चहा पितायत, तोवर माझं एवढं ऐका. आणि मी तुमच्याकडे न बघता त्या बत्तीकडे बघून बोलतो म्हणून रागावू नका. मी लाजतो हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. एसटीत 'थांबवा हो' म्हणायचीसुद्धा मला लाज वाटते, म्हणून मी पुढच्या गावाला, दुसरं कोणी उतरेल तिथं उतरतो, आणि चालत मागे येतो. असा मी! आणि कालच्या दिवशी, भर स्टँडवर…

तर तुम्हाला सांगतो, काल मी आंब्याची पेटी घेऊन रत्नागिरीच्या स्टँडवर गेलो होतो. आमच्या मालकांच्या वखारीत मी पेट्या ठोकतो आणि त्यांच्यावर शाईनं नावं घालतो, हे चाकरमान्यांना माहीत नसेल म्हणून सांगितलं. ही पेटी गिरगावच्या पाटणकरांची, मुंबईच्या गाडीवर चढवायची. टळटळीत दुपार, जमिनीवर पाय ठेववत नाही असं ऊन, आणि बाकडी सगळी भरलेली. एक म्हातारे गृहस्थ काखेत गाठोडं घेऊन मघापासून उन्हात फिरत होते, ह्याला विचार, त्याला विचार. ते माझ्यासमोर आले, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि विचारायच्या आधीच गेले की हो खाली! ते नेमके पेटीवर.

आणि काय ओरडा झाला म्हणता! मला वाटलं, चला, गर्दीतली माणसं धावली. धावली, पण कशासाठी?

"पेटी! अरे पेटी बघा!"

चौघांनी पेटी उचलली, सावलीत नेऊन ठेवली. एकानं तिच्यावरची धूळ फुंकली, दुसऱ्यानं नाव वाचलं, "पाटणकरांची हो, गिरगावची." लगेच तिसरा म्हणाला, त्याच्या मेहुण्याच्या चाळीच्या मागेच राहतात ते पाटणकर. पेटीचं सगळं गणगोत निघालं! आणि म्हातारे जमिनीवर. मी खाली बसलो, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तोवर सगळ्यांनी आमच्याभोवती गोल केला आणि सुरू झालं…

"कुणाचा हा?"

बघा म्हणजे. श्वास चालू आहे का, नाही. ऊन लागलं का, नाही. कुणाचा हा! तुमच्यापैकी तिथं कोणी होतं असं मी म्हणत नाही, पण आपण सगळे तिथलेच की. आपल्याकडे माणूस दारात आला तरी गूळपाणी मागाहून, आधी कुठले, कोणत्या वाडीतले, कुणाचे. पण तो उभा तरी असतो हो! उत्तर देऊ शकतो!

एक छत्रीवाले गृहस्थ होते, पांढरा सदरा, भारदस्त. ते खर्जात म्हणाले, "हात लावू नका. उद्या काही झालं तर चौकीवर तुम्हालाच बोलावतील. कुणाचा आहे ते आधी कळू दे." आणि हे सगळं डोक्यावर छत्री धरून! दुसरा एकजण पिचक्या आवाजात, "फेफरं आलंय, चप्पल हुंगवा, चप्पल." आता चप्पल कुणाची? स्वतःची कोणी काढेना, कारण जमीन तापलेली. मग सगळ्यांनी "वारा येऊ द्या, वारा येऊ द्या" म्हणत आणखी एक पाऊल पुढे टाकलं. मी हळूच म्हटलं, कोणाकडे रुमाल असला तर भिजवून कपाळावर ठेवू. आवाज माझा तो केवढा! पण ऐकलं त्यांनी, कारण सगळ्यांनी खिसे चाचपले आणि नाही म्हणून माना हलवल्या. तेवढ्यात देवरूखची गाडी लागली. काय सांगू तुम्हाला… खिडकी-खिडकीतून रुमालच रुमाल आत पडले! जागा धरायला! पांढरे, चौकड्यांचे, एक तर चांगला भरतकाम केलेला होता.

गोल अर्धा झाला, दोन क्षणांत पुन्हा भरला. म्हाताऱ्यांचे ओठ पांढरे पडत चालले होते. अंगाला हात लावला तर तव्यासारखं, आणि घाम नाही. रशीदभाई रिक्षावाले होते तिथं, त्यांना मी हात केला. ते जवळ आले, वाकून बघितलं. माणूस चांगला, खोटं कशाला बोलू. पण त्यांनीही विचारलंच, "कुणाचे रे?"

मी मान हलवली. माहीत नाही.

"अरे बाबा, मी नेतो. पण तिथं गेल्यावर ह्यांच्याजवळ थांबणार कोण? कुणाचे तरी असायला हवेत ना."

खरंच होतं ते. मी सगळ्यांकडे बघितलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि कसं झालं देव जाणे, ज्या तोंडातून 'थांबवा' निघत नाही, त्या तोंडातून निघालं,

"माझे काका आहेत."

बस्स! जादू झाली हो. "अरे मग आधी नाही का बोलायचंस!" कोपऱ्यातली गोदा भाजीवाली टोपलीवरचं ओलं फडकं घेऊन धावली, म्हणते, "सरका मेल्यांनो, त्या पोराचा काका हाय तो." छत्री म्हाताऱ्यांच्या डोक्यावर आली! सरबतवाल्यानं तांब्याभर पाणी आणलं. फेफरंवाल्यानं पाय उचलले, दुसऱ्यानं खांदे, आणि रिक्षापर्यंत अशी मिरवणूक निघाली, की देवरूखच्या ड्रायव्हरनंसुद्धा गाडी थांबवून वाट दिली. सगळी माणसं चांगलीच होती की! नुसतं नाव घालायचं राहिलं होतं.

पण थांबा, खरी गंमत पुढेच. रिक्षात बसताना त्या छत्रीवाल्यांनी माझा दंड धरला आणि सगळ्यांसमोर मला झापलं, "काय रे, एवढ्या उन्हात काकाला वणवण फिरवतोस? आजकालच्या पोरांना दयामायाच राहिली नाही." आणि गोलातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या! राहिली नाही, राहिली नाही. मी काय बोलणार? म्हटलं, चुकलं.

दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. मग सावित्रीबाई म्हणून नर्स होत्या, त्यांनी विचारलं, पेशंटचं नाव काय? आता आली का पंचाईत! काकांचं नाव! मी म्हटलं, आम्ही तात्या म्हणतो. त्या म्हणाल्या, तात्या सगळ्यांनाच म्हणतात, नाव सांगा. मला घाम फुटला. मी म्हटलं, मोठ्या माणसाचं नाव तोंडानं घेण्याची आमच्यात पद्धत नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं… आणि म्हणाल्या, बरं, ते शुद्धीवर आले की त्यांनाच विचारू.

म्हणजे बघा माझी अवस्था. शुद्धीवर यावेत म्हणून देवाला नारळ बोललो, आणि आल्यावर 'हा कोण' म्हणतील म्हणून जीव अर्धा. भिंतीला टेकून उभा होतो. वाटलं पळावं. पण पळालो तर ते पुन्हा कुणाचेच नाहीत. राहिलो.

ऊन कलल्यावर त्यांनी डोळे उघडले. सावित्रीबाई मोठ्यानं म्हणाल्या, "बाबा, पुतण्या होता म्हणून वाचलात. ओळखता ना ह्याला?"

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं म्हणता! मी जमिनीकडे. मग त्यांचा आवाज आला, अगदी बारीक,

"वाळलास रे."

तुम्हाला सांगतो, मी तिथंच खाली बसलो आणि हसायला लागलो, आणि डोळ्यांतून पाणी. सावित्रीबाई पलीकडे गेल्यावर त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं.

"आता नाव सांग."

"लवू."

"कुणाचा?"

आता काय म्हणावं! मरता मरता वाचला माणूस, तरी कुणाचा! मी म्हटलं, "आता तुमचाच."

तेही हसले. भागोजी नाव त्यांचं, देवरूखच्या वरच्या अंगाला गाव. मुलगा मुंबईला गिरणीत, त्याच्यासाठी कुळथाचं पीठ पाठवायचं होतं, म्हणून मुंबईला जाणारं ओळखीचं माणूस शोधत होते. ज्याला विचारावं तो म्हणे, तुम्ही कुणाचे? आणि गाठोड्यावर तर नाव नव्हतं. आणि हो, पेटीची काळजी करू नका. ती त्या लोकांनी व्यवस्थित गाडीवर चढवली, वर पाटणकरांना नमस्कारही सांगून पाठवला.

घरी आलो, आईला म्हटलं, सकाळी पेज कर, काकांना न्यायचीय. आई म्हणाली, "कुणाचा काका? तुझ्या बापाला भाऊ नव्हता." मी सगळं सांगितलं. ती उठून चुलीपाशी गेली आणि तांदूळ निवडायला बसली.

तर आज सकाळी मी पेज आणि खारातला आंबा घेऊन गेलो. भागोजीकाका उठून बसले होते, तोंडावर तजेला. पहिला घोट घेतला आणि म्हणाले, मीठ जास्त आहे. सख्खे काका वेगळं काय म्हणतात? तेवढ्यात सावित्रीबाई आल्या. खिडकीपाशी एक म्हातारे होते, भिंतीकडे तोंड करून झोपलेले. त्यांच्याकडे बघून त्या आपल्याशीच म्हणाल्या, आल्यापासून ह्यांच्याकडे कोणी फिरकलं नाही, कुणाचे आहेत कोण जाणे. आणि माझ्या डब्याकडे बघितलं.

मी छताकडे बघितलं. भागोजीकाकांनी मला कोपरानं ढोसलं, "अरे, बाई विचारतायत."

डब्यात अर्धी पेज उरली होती हो… मी काय करणार?

"मामा," मी म्हटलं.

आई, तू तिथं बायकांत पुढेच बसली आहेस, दिसतेस मला. हे तुला आत्ताच कळतंय, घरी सांगायची लाज वाटली. तुला आणखी एक भाऊ झालाय. उद्या पेज जास्त टाक. काकांना मीठ कमी लागतं, मामांचं अजून विचारलेलं नाही.