पिशवी काढल्यावर

पाथर्डी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर सासू-सुना बसल्या होत्या. सून दवाखान्यात दाखवून आली होती.

“काय म्हन्ली गं डॉक्टरीन? पिशवी कवा काढायची?”

“काढायची न्हाई म्हन्ल्या, आत्या.”

“आन् ऊसतोडीला कशी जाशील? पाळी जवळ आली की रडत बसती, पोरांवर धावून जाती. खाडा पडला तर मुकादम ऐकंल व्हय?”

“पाळीच्या आधी लई बायांना असं हुतं म्हन्ल्या. छाती दुखती, झोप लागत न्हाई, उगंच रडू येतं. पाळी आली की कमी हुतं. गोळ्या दिल्यात. झोप घे, चहा कमी कर, आन् घरच्यांना सांगून ठेव म्हन्ल्या.”

“गोळीनं काय हुतंय? माझी काढली तशी तुझी बी काढू. एकदाची कटकट जाईल.”

“नुसती पिशवी काढून रडू थांबत न्हाई म्हन्ल्या.”

सासू पदराच्या गाठीतले तिकिटाचे पैसे मोजू लागली.

“आत्या, तुमचं थांबलं हुतं का?”

“न्हाई.”

“मग कुनाला सांगितलं न्हाई?”

“काय सांगू? पाळीच न्हाई तर कशापायी रडती म्हनू? तुझा सासरा म्हनायचा, हिचा सोभावच वंगाळ.”

“आन् तुमाला काय वाटायचं?”

“पोरांना मारायची, मग पाचटाच्या ढिगाआड जाऊन रडायची. वाटायचं, पिशवी तर गेली. आता वंगाळ हाय ती मीच.”