नुसतं असायचं!

…आणि बसायचं कशावर, तर वीतभर खुर्चीवर! गुडघे पार हनुवटीला! अहो, मी जन्म उभ्यानं काढलेला माणूस. कोलोनला माझं केस कापायचं दुकान, कात्री आणि जीभ दोन्ही बरोबर चालायच्या, गिऱ्हाईक नुसत्या दाढीला आलं तरी त्याच्या सासूची खबर घेतल्याशिवाय सोडलं नाही कधी… आणि मला, या विलिबर्टला, बालवाडीत सांगतात काय? "आजोबा, कोपऱ्यात बसा. खेळायचं नाही, हाक मारायची नाही, बोलायचं नाही. नुसतं असायचं." नुसतं असायचं? हे काय काम झालं? पण नातीचा प्रश्न! बसलो. काय करता?

सांगणारा कोण, तर हाउके. बालवाडीतला मास्तर. दारातून वाकून येतो, दाढी ही एवढी, आणि बोलणं? फ्लेन्सबुर्गचा ना तो, जर्मनीच्या पार उत्तर टोकाचा! इथल्या माणसानं सकाळी "मॉइन" म्हटलं की त्याचं दिवसभराचं बोलून झालं. बसस्टॉपवर एका बाईंना म्हटलं, "काय वारा सुटलाय हो!" तर म्हणतात, "कुठंय?" संपलं!

मग कोलोन सोडून इथं आलात कशाला, म्हणाल. अहो, आमची लेक मार्लीस इथल्या इस्पितळात नर्स म्हणून लागली, जावई बोटीवर स्वैपाकी, तो कधी उगवेल नेम नाही, गावात ओळखीचं कुत्रं नाही, आणि नात फ्रित्सी दोन वर्षांची. घरी सांभाळा म्हणता? पोरगी सकाळी पळाली की मी तिला गाठतो दुपारी! म्हणून बालवाडी. आणि इथली रीत अशी की नवं मूल आलं की घरचं माणूस सोबत बसवतात, मूल खेळून खेळून त्याच्याकडे येतं, हात लावून बघतं, पुन्हा जातं… असं रुळलं की मग निरोप. शेजारच्या खुर्चीवर रवान, सीरियाहून आलेली, तिचा पोरगा तिच्या कोटाला चिकटलेला. मी तिच्याशी बोलायला तोंड उघडलं की हाउके नुसता बघायचा. बसलो. काय करता?

आणि तिथंच माती खाल्ली मी! एके दिवशी फ्रित्सी वाळूत रंगलेली. म्हटलं, विलिबर्ट, हीच वेळ! निरोप घेत बसलं की रडारड, त्यापेक्षा मागच्या पावली सटकावं… आणि सटकलो. पोरीनं मागं वळून बघितलं, खुर्ची रिकामी. असा टाहो फोडला म्हणता! मी धावत परत आलो, तर मलाच ढकलते! मलाच! "आई! आई!" शेवटी मार्लीसला वॉर्ड सोडून यावं लागलं. पोरीला उचललं आणि म्हणाली, "बाबा, मुख्य नर्स म्हणाल्यात, पुन्हा असं झालं तर नोकरी सोड आणि घरीच राहा." ओरडली असती तर बरं वाटलं असतं हो. हळू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मान खाली घालून गेलो. म्हटलं, आता हाउके बिनपाण्यानं करणार. तर त्यानं काय करावं? एक चिमुकली खुर्ची ओढली, तो एवढा थोरला देह तिच्यावर ठेवला, मला कॉफी दिली आणि म्हणाला, "पहिल्यापासून सुरू करू." मी म्हटलं, "अहो, चूक माझी, शिक्षा पोरीला?" तर म्हणतो, "शिक्षा कुणालाच नाही. पोरगी रडली तर चालेल, आजोबा. फसली तर नाही चालत." या गावात इतकं लांबलचक वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं! पुन्हा बसलो. काय करता?

मग आला तो दिवस. मी फ्रित्सीसमोर वाकलो, म्हटलं, "सोन्या, आजोबा जातोय. जेवण झालं की येतो." ओठ काढला तिनं… रडली… हाउकेनं उचलून खिडकीशी नेलं, रडत रडत हात हलवला तिनं. मी फाटकाबाहेर सायकलींच्या आडोशाला उभा. आत रडणं चालूच. आता करतात मार्लीसला फोन… आता गेली नोकरी… आणि एकदम शांत! चवड्यांवर उभा राहून बघतो तर फ्रित्सी हाउकेच्या मांडीवर, एक चमचा रव्याची खीर स्वतःला, एक चमचा त्याच्या दाढीला! दाढी पांढरी झाली तरी तो बाबा हलला नाही. तिथंच रडलो हो मी. देव त्याचं भलं करो! कोण कुठले आम्ही, पण त्या माणसानं माझ्या लेकीची नोकरी मांडीवर घेऊन सांभाळली.

आता पोरगी बालवाडीत, लेक इस्पितळात, सगळं मार्गी लागलं. आणि मी? घरात एकटा. भिंतींशी किती बोलणार? नऊ वाजता आपोआप फाटकाशी उभा. हाउके म्हणाला, "मॉइन. ती मजेत आहे." म्हटलं, "ते ठाऊक आहे." "मग?" म्हटलं, "मी नाही ना मजेत!" त्यानं फाटक उघडलं, आत व्हरांड्यात बाकावर बसवलं. रवान आधीच तिथं, पोराला आत सोडून डोळे पुसत, कॉफी पीत. तिनं माझ्यासाठी सरकून जागा केली. वर तो दाढीवाला म्हणतो कसा, "मुलं आठवड्यात रुळतात हो. मोठ्या माणसांचं काही सांगता येत नाही. घाई करू नका."