पाकटाचे डोहाळे

अरे, आमच्या कळव्याच्या सुध्याने नव्वदच्या दशकात घरातल्या टाकीत पाकट पाळलेलं, माहितीये? गोड्या पाण्यातला तो परातीएवढा चपटा मासा, शेपटीत विषारी काटा. एकदा त्याने चार दिवस खाणंच सोडलं. सुध्या रडकुंडीला आलेला. शेवटी रोज कोलंबी देणाऱ्या कोळीणमावशीलाच त्याने टाकीपुढे उभं केलं.

मावशी वाकून बघत म्हणाली, "अरे, ही गाभण हाय! पाकट अंडी नाय घालत, पिल्लंच देतं. रोज तीच कोलंबी कशी खाईल? डोहाळे लागलेत तिला. जिवंत मासे आण."

सुध्या तडक चप्पल अडकवून खाडीकडे पळाला.

त्याची बायको मला शांतपणे म्हणाली, "माझ्या वेळी मी साधी चिंच मागितलेली, भावजी. तर म्हणाला, रविवारी बघू."