एकशे तेरा वड्या आणि एक

बसा, मंडळी, बसा! मागच्यांनी जरा पुढं सरका. देवळात दाराशी गर्दी आणि देवापाशी मोकळं — पंगतीत बरं कुणी असं बसत नाही! तिथं सगळे वाढप्याच्या जवळ!

हां. तर पूर्वरंगात आपण अपरिग्रहाचा विचार केला. गरजेपुरतं ठेवावं, जास्तीचा सोस धरू नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बघत होतो! ज्यांच्या माळ्यावर मिक्सरची तीन-तीन खोकी आहेत, त्यांच्याच माना जास्त हलत होत्या.

आता आख्यानाला मी एकच प्रश्न घेतो. साठवणारा माणूस लोभी म्हणायचा का? मुंगी साठवते — तिला आपण शहाणी म्हणतो. मधमाशी साठवते — तिचा दाखला पोरांना देतो. आणि घरातली बाई साबणाच्या चार वड्या जास्तीच्या आणून ठेवते, तिला काय म्हणतो? कवडीचुंबक! हे बरोबर आहे? माझ्याकडं बघू नका, बायकांच्या बाजूला बघून उत्तर द्या! ... नाही ना देता येत? मग ऐका.

कथा पुराणातली नाही. इचलकरंजीतली आहे. गल्लोगल्ली मागांचा खडखडाट, कपाळावर कापसाची भुरी घेऊन फिरणारी माणसं — असं ते गाव. तिथल्या एका कामगार वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर शालन मगदूम राहायची. यजमान आप्पा, मागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. एक मुलगी, नीलम, कॉलेजात. दोन खोल्या, एक गॅलरी आणि एक लोखंडी कपाट. मंडळी, त्या कपाटावर लक्ष ठेवा! आपली सगळी कथा त्या कपाटात आहे.

शालनला नाद होता योजनांचा. कुठं एकावर एक मोफत आहे, कुठल्या पावडरच्या डब्यावर कंगवा मिळतो, कुठल्या शाम्पूच्या रिकाम्या पुड्या परत दिल्या की सूट मिळते — सगळं तोंडपाठ! आपल्याला विष्णूची चोवीस नावं पाठ नसतात. तिला चोवीस दुकानांच्या योजना पाठ!

त्यात एका वर्तमानपत्रानं काढली कूपन योजना. रोज एक कूपन कापायचं, तक्त्यावर चिकटवायचं. तक्ता भरला की बक्षीस. शालननं वसाहतीतल्या आठ घरांचे शिळे पेपर लावून ठेवले. आणि घरच्या पेपराला तर सकाळीच कात्री! आप्पा बिचारे चहा घेऊन बसायचे, पेपर उघडायचे, तर मधोमध खिडकी! त्या खिडकीतून त्यांना समोरची भिंत दिसायची. एकदा काय झालं, कूपनाच्या मागच्या बाजूला निधनवार्ता होती. तारीख गेली कात्रीत. आप्पा अंदाजानं तेराव्याला गेले, तर तो निघाला चौदावा! मांडव सोडवत होते. मांडववाल्यानं विचारलं, काही राहिलंय का तुमचं? आप्पा म्हणाले, जेवण राहिलंय.

हसा, हसा. वामनराव, पेटीवरचा हात उचलून हसा, सूर लागतोय मधेच!

तर असं करत करत कपाट भरलं. वरच्या कप्प्यात कोल्ड क्रीम, पावडरचे डबे, शाम्पूच्या माळा. मधे केसांचं तेल, टिकल्यांची पाकिटं, नेलपॉलिश. खाली आंघोळीचे साबण, एकावर एक रचलेले. चंदनाचे, गुलाबाचे, लिंबाचे. कपाट उघडलं की अख्खी खोली लग्नघरासारखी दरवळायची. पण उघडणार कोण? किल्ली शालनच्या कमरेला!

आणि घरात वापर कसा? टूथपेस्टची नळी संपली की कात्रीनं उभी चिरायची, आतून बोट फिरवून आणखी आठ दिवस. पावडर लावायची ती कार्याला जाताना, तीही डबा उलटा आपटून जेवढी पडेल तेवढीच. आणि साबण? झिजून झिजून नखाएवढा झाला, तरी टाकायचा नाही. नवीन वडी ओली करायची, तिच्या पाठीवर तो तुकडा दाबून बसवायचा. साबणाला साबणाचं ठिगळ! आता तुम्ही तोंडावर पदर घेऊन हसताय, म्हणजे तुमच्याही न्हाणीघरात ते ठिगळ आहे. मला माहिती आहे, माझ्याही आहे!

आप्पा एकदा चिडून म्हणाले, दुकान तरी काढ, नाहीतर वापरू तरी दे. ती म्हणाली, हे नीलमचं आहे. लग्नाला पाठवणी करताना कपाटासकट देणार. सासरी तिला कुणापुढं हात पसरायला लागू नये.

मंडळी, इथं जरा थांबा. हसणं बाजूला ठेवा. माणूस उगाच साठवत नसतो. भरलेल्या कपाटाच्या मुळाशी कुठंतरी एक रिकामं भांडं असतं.

शालन नऊ वर्षांची होती. शाळेत बक्षीस समारंभ होता, आणि तिचा निबंधात पहिला नंबर आला होता. तिच्या बापाला कधी काम असायचं, कधी नसायचं. घरात खोबरेल तेलाचा थेंब नव्हता. आईनं हातात वाटी दिली आणि म्हणाली, शेजारच्या काकूंकडून एवढंसं तेल आण, केस चापून बसवते. पोर गेली. दारात उभी राहिली. काकू म्हणाल्या, "संपलंय गं." आणि काकूंच्या मागं, फळीवर, तेलाचा डबा! काठोकाठ भरलेला. तेल पत्र्यावरून ओघळलेलं पोरीला दिसत होतं.

वाटी फ्रॉकमागं लपवून घरी आली. आईनं केसांना पाणी लावलं. बक्षीस घ्यायला स्टेजवर चढेपर्यंत केस वाळून भुरभुर उडायला लागले आणि पुढच्या ओळीतल्या पोरी फिदीफिदी हसल्या. बक्षीस काय मिळालं, ते शालनला आज आठवत नाही. ती वाटी आठवते. वाटीचा काठ एके ठिकाणी चेपलेला होता, तेसुद्धा आठवतं. त्या दिवशी तिनं मनाशी धरलं, पुन्हा म्हणून कुणाच्या दारात वाटी घेऊन उभं राहायचं नाही.

आता सांगा, हिला लोभी म्हणाल? मी नाही म्हणणार! ही घाबरलेली होती. आणि भीतीचं काय असतं —

भरले भांडार, भय नाही सरे ।
दारी कुणी येता, तोंडी 'नाही' उरे ॥

संतवचन शोधू नका, ही ओळ या पामराची आहे. चुकली असेल तर माझी, आवडली असेल तर तबलजींची!

तर कपाट भरलं त्या वर्षी, संक्रांतीच्या पंधरा दिवस आधी, शालनच्या शेजारी नवीन बिऱ्हाड आलं. लांब नांदेडकडचं. नवरा आप्पांच्याच कारखान्यात मागावर लागलेला. त्याची बायको कौसल्या, असेल बावीस-तेवीस वर्षांची. सामान म्हणाल तर एक पत्र्याची पेटी आणि दोन गोधड्या. तिला शिलाईच्या कारखान्यात काम मिळालं. दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं. संध्याकाळी तिनं शालनचं दार वाजवलं.

"काकू, अंगाच्या साबणाची एक वडी उसनी देता का? उद्या पयला दिवस हाय कामाचा. शनिवारी पगार झाला की आणून देते."

शालनच्या कमरेला किल्ली. पाठीमागं कपाट. कपाटात साबणाच्या एकशे तेरा वड्या — तिनं मागच्याच रविवारी मोजल्या होत्या! आणि तोंडातून काय निघालं?

"संपलाय बघ गं. कालच संपला."

बघा हं! ठरवून खोटं बोलली नाही ती. शब्द आपोआप आला. आपल्या दाराशी वर्गणीवाला आला की आपला नाही येत? यजमान घरात नाहीत! आणि यजमान आतून विचारतात, कोण आहे गं?

कौसल्या म्हणाली, "असू द्या काकू," आणि गेली. तिला कपाट दिसलं नव्हतं. तिनं मनापासून खरं मानलं.

शालननं दार लावलं आणि तिथंच उभी राहिली. मंडळी, कानाला आपला स्वतःचा आवाज ओळखू येतो! तेच शब्द. तोच सूर. तीस वर्षांनी त्या काकू तिच्याच तोंडून बोलल्या होत्या. मग एक वडी काढून शेजारी नेऊन द्यायला किती वेळ लागतो? चार पावलं! पण तिची पावलं उठेनात. आता दिली तर खोटं उघडं पडणार ना! एक खोटं बोललं की त्याची राखण करत बसावं लागतं.

सकाळी जिन्यात कौसल्या भेटली. हसली. जवळून गेली तेव्हा तिच्या अंगाला कपड्याच्या साबणाचा वास येत होता. तिनं धुण्याच्या वडीनं आंघोळ केली होती. शालनला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. आप्पांनी विचारलं, बरं नाही का? तिनं कूपनाची कात्री हातात घेतली आणि पेपर न कापता तशीच ठेवून दिली. आप्पांनी कूपनं सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच अख्खा पेपर वाचला!

आठ दिवस गेले. शनिवारी दिवेलागणीला दार वाजलं. दारात कौसल्या. हातात कागदाची पिशवी. दम लागलेला, बाजारातून थेट आलेली. पिशवीतून तिनं साबणाची एक वडी काढली आणि शालनच्या हातावर ठेवली.

"काकू, तुमचाबी साबण संपलाय म्हणला होता न्हवं? काकांचा पगार लांबला की काय, म्हणलं. माझा आज झाला. दोन आणल्या. एक तुमची, एक माझी."

शालनच्या तोंडून सवयीनं एवढंच आलं, केवढ्याला आणलीस? कौसल्यानं सांगितलं. छापील किंमत, पुरी! शालन म्हणाली, अगं, त्याच साबणावर तिनावर एक मोफत चालू आहे.

कौसल्या म्हणाली, "बोर्ड बघितला की काकू. पण तीन घ्यायला पैसे कुठं हायेत?"

ऐकलंत? तीन घेणाऱ्याला चौथी फुकट, आणि ज्याला एकच परवडते त्यानं पुरा भाव मोजायचा! ज्या शालनला चोवीस दुकानांच्या योजना पाठ, तिला एवढ्या वर्षांत हे कधी दिसलंच नव्हतं. आणि त्या पुऱ्या भावातून पोरीनं तिच्यासाठी आणली होती. आपल्या साबणावाचूनच्या शेजारणीसाठी!

आता शालनपुढं दोन वाटा. गप्प बसायचं, वडी घ्यायची, तोंडभरून आशीर्वाद द्यायचा. कुणाला कळणार होतं? देवाला? देव काय वसाहतीत सांगत फिरतो? दुसरी वाट — जाऊ द्या, तुम्हीच ठरवा, तुम्ही काय केलं असतंत.

शालननं कौसल्याचा हात धरला. आत नेलं. कमरेची किल्ली काढली आणि कपाट उघडलं.

चंदन, गुलाब, लिंबू — खोली भरून गेली. कौसल्या बघत राहिली. वरून खालपर्यंत. मग तिचा चेहरा उतरला, आणि तिनं हळूच हात पुढं केला.

"मंग ही वडी मला माघारी द्या, काकू. तुमाला काय करायची?"

शालननं वडी घट्ट धरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाली, "नको गं. कपाटातलं सगळं ने, पण ही मला राहू दे. एवढी एकच मला कुणीतरी दिलीय."

आणि तिथं, उघड्या कपाटापुढं, फरशीवर बसून शालननं तिला वाटीची गोष्ट सांगितली. काकूंच्या भरल्या डब्याचं तिनं आईला, आप्पांना, पोटच्या पोरीलाही कधी सांगितलं नव्हतं. कौसल्या लगेच विरघळली असं नाही हं. तिला लागलं होतं. सगळं ऐकून घेतलं, चंदनाची एक वडी उचलली, आणि म्हणाली, "ही मी उसनी नेते. पुढच्या शनिवारी आणून देईन." स्वाभिमान सोडला नाही पोरीनं!

मग आली संक्रांत. शालनच्या घरी हळदीकुंकू. दर वर्षी ती वाण लुटायची, आगपेटीएवढ्या डबीतलं हळद-कुंकू. त्या वर्षी कपाट सताड उघडं! कुणाला क्रीम, कुणाला पावडर, कुणाला तेल. आईपेक्षा नीलमच खुशीत वाटत होती. काही डबे उघडले तर तारीख कधीच उलटून गेलेली. क्रीम फाटलेलं, पावडरीचा दगड झालेला. ते शालननं बाजूला काढले आणि मग आपल्या हातानं फेकले. तेवढं मात्र तिला जड गेलं, खोटं कशाला सांगू!

आणि कूपनं? अहो, कापते की अजून! काटकसर कुठं पाप आहे? पण आता वसाहतीतल्या चौघी-चौघी मिळून तीन वड्यांचे पैसे काढतात, आणि शालन त्यांना चौथी मिळवून देते. दाराशी एक फळी लावलीय. तिच्यावर साबण, तेल, शाम्पू, आणि माहेरून आणलेली ती काठ चेपलेली वाटी. ज्याला लागेल त्यानं न्यावं, विचारायचंही कारण नाही.

आणि कौसल्याची ती वडी? शालननं वापरली. झिजली, नखाएवढी झाली. तिनं काय केलं असेल? नवीन वडी ओली केली आणि तो तुकडा तिच्या पाठीवर दाबून बसवला. ती झिजली, तुकडा पुढच्या वडीवर. मग त्याच्या पुढच्या. एकशे तेरा वड्या केव्हाच संपल्या, मंडळी. ती एक अजून संपलेली नाही.

तर साठवणं पाप की पुण्य? माझं उत्तर ऐका. भरा, कपाटं खुशाल भरा! पण दाराशी कुणी आलं आणि आपल्या तोंडून 'संपलंय' निघालं, तर एकदा मान वळवून मागं बघा. आणि हो — आता आरतीचं ताट फिरेल, तेव्हा 'सुट्टे संपलेत' म्हणू नका!

हसलात? मग माझंही सांगतो. अकरा वर्षं मी या देवळात येतो. दर वर्षी तुम्ही मला शाल देता. अकराच्या अकरा माझ्या ट्रंकेत आहेत, डांबराच्या गोळ्या घालून. आणि बाहेर, पायरीपाशी, तुमच्या-माझ्या चपला सांभाळत एक मावशी बसतात. पोतं पांघरून. आज थंडी किती आहे, तुम्हीच सांगा. त्यांच्यासमोरून मी अकरा वेळा शाल काखेत मारून गेलो आहे.

ट्रस्टी, ती बारावी शाल इकडं आणू नका. चला, सगळे उठा, आधी पायरीपर्यंत जाऊन येऊ. तोवर देव थांबेल आरतीला. बोला, दाराशी उभ्या असलेल्या नारायणाचा विजय असो!