साउंड कार्ड आणि माझा कान

…तर तुम्हीच सांगा, माणसाने विश्वास ठेवायचा तरी कोणावर? विकणाऱ्यावर ठेवावा तर त्याला विकायचंय, नातेवाइकावर ठेवावा तर त्याला आपली फजिती बघायचीय, आणि बायकोवर ठेवावा तर… तिथेच येतोय, बसा ना जरा! कप काही पळून जात नाहीत. डझनभर कप न्यायला आलात, तेही पाहुण्यांसाठी, म्हणजे घाई असलीच तर पाहुण्यांना असेल, तुम्हाला कशाला? आता मी काही संशयी माणूस नाही, पण गेला महिनाभर मला जो अनुभव आलाय ना, तो ऐकल्याशिवाय मी तुम्हाला कप देणार नाही. द्यायची हिंमतच होत नाही!

माझा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. चिनी मातीची भांडी. हा धंदा मला कोणी शिकवला नाही, या बोटाने आणि या कानाने शिकवला. कप उचलायचा, काठाला टिचकी मारायची. टण्ण वाजला की चांगला. ठप्प वाजला की केसाएवढा का होईना, तडा आहे. गिऱ्हाईक डोळ्यांनी बघतं, मी कानाने बघतो. तीस वर्षं लोक म्हणत आलेत, "काका, तुम्ही वाजवून दिलात ना, मग बघायला नको." हे वाक्य म्हणजे माझं दुकान! बाकी सगळी फळ्यांची कपाटं.

तर आमच्या साडूंनी घरी कॉम्प्युटरवर विमान उडवायला घेतलं. साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, वीज खात्यातून निवृत्त, त्यामुळे तारांमधलं सगळं आपल्यालाच कळतं अशी पक्की समजूत. त्यांनी घेतलं म्हटल्यावर मी मागे राहतोय? मीही घेतलं. दांडा आला, पायाखालची पेडलं आली, कानाला हेडफोन आला. दर सुट्टीच्या दुपारी मी तीनशे प्रवासी घेऊन उडायचो आणि चहाच्या वेळेपर्यंत तीनशेच्या तीनशे शेतात उतरवायचो. ही दारातून विचारायची, "आज वाचलं का कोणी?"

एवढ्यात कॉम्प्युटरवाला म्हणतो कसा, "काका, तुम्ही विमान बघताय, ऐकत कुठे आहात? मदरबोर्डावरचा, मशीनसोबतच येतो तो आवाज म्हणजे निव्वळ खडखडाट! वेगळं साउंड कार्ड टाका. डावं इंजिन डावीकडे, उजवं उजवीकडे, चाकं बाहेर येतात ती पायाखाली! शिवाय मशीनवरचा भार हलका होतो, विमान लोण्यासारखं उडतं." मी साडूंना विचारलं. ते म्हणाले, "अहो, तो काळ गेला! आता मदरबोर्डावरचाच आवाज उत्तम असतो. कार्ड घेणं म्हणजे छत्रीवर छत्री धरणं."

आता मी काही संशयी माणूस नाही, पण कॉम्प्युटरवाल्याच्या कपाटात तीन कार्डं धूळ खात पडलेली मी स्वतः पाहिली होती. आणि साडूंचं म्हणाल तर ते उजव्या कानाने जरा कमी ऐकतात, त्यांच्या उजव्या इंजिनाचं ते काय सांगणार? दोघांवरही विश्वास नाही! मग मी काय केलं? कार्ड घेतलं. का? कारण साडू नको म्हणाले!

कॉम्प्युटरवाला आला, डबा उघडला, कार्ड खोचलं, स्क्रू पिळला, गेला. मी हेडफोन चढवला, विमान सुरू केलं आणि… काय सांगू तुम्हाला! इंजिनांची घरघर निराळी, वाऱ्याचा सूं निराळा, आणि मागच्या सीटवर कोणीतरी बसल्याची कुरकूर, ती तर आधी कधी ऐकूच आली नव्हती! मी दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटरवाल्याला फोन करून सांगितलं, "फरक जमीन-अस्मानाचा आहे!" साडूंना सांगितलं, हिला सांगितलं, दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला कप बांधता बांधता सांगितलं. "कान लागतो हो," म्हणायचो, "तयार कान लागतो!"

साडू तीन आठवडे ऐकत राहिले. मग एका सुट्टीला दुपारी दारात हजर. "परीक्षा घेऊ. तुम्ही डोळे मिटून बसा, मी कधी कार्डाचा आवाज देईन, कधी मदरबोर्डाचा. ओळखा." मी म्हटलं, "घ्या!" ते विजेरी घेऊन टेबलाच्या मागे वाकले. एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. वीज खात्याचा माणूस गप्प बसला की समजावं, काहीतरी जळालंय.

"साडूभाऊ," ते आतून म्हणाले, "या कार्डाच्या भोकांवरची प्लास्टिकची टोपणं कोणी काढली नाहीत का?"

टोपणं! कार्डाला गोल भोकं, भोकांना टोपणं, जशी दुकानातून आली तशी! आणि माझ्या हेडफोनची वायर? ती खालच्या चपट्या यूएसबीच्या खाचेत. मी तिथूनच कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणतो, "काका, तुमचा हेडफोन यूएसबीचा. आवाजाचं काम तो आतल्या आत स्वतःच करतो. त्याचा कार्डाशी संबंधच येत नाही."

"मग बसवताना सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तुमच्याकडे गोल पिनेचा दुसरा असेल. आणि तुम्हीच दुसऱ्या दिवशी म्हणालात, जमीन-अस्मानाचा फरक!"

म्हणजे तीन आठवडे ते कार्ड आत नुसतं बसून होतं, फुकट्या प्रवाशासारखं! आणि ती मागच्या सीटची कुरकूर? साडूंनी माझी खुर्ची मागे-पुढे हलवून दाखवली. तीच कुरकूर! हेडफोनच्या आतपर्यंत पोचली होती!

पण मी हार मानतोय? साडूंच्या पिशवीत गोल पिनेचा हेडफोन होता, म्हणजे ते तयारीने आले होते, हे ध्यानात घ्या! आता मी काही संशयी माणूस नाही, पण म्हटलं, वायर साडू बदलणार नाहीत, ही बदलेल. टोपणं काढली. वीस वेळा ऐकायचं. ही कधी पिन कार्डात घालणार, कधी मदरबोर्डात, आणि कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिणार. मी डोळे मिटून "कार्ड!", "मदरबोर्ड!", "हे तर शंभर टक्के कार्ड!" करतोय…

संपलं. ही म्हणाली, "विसात अकरा."

मी टाळी वाजवली! साडू म्हणाले, "नाणं उडवलं असतं तरी दहा आले असते." म्हटलं, "अकरा आहेत, एक जास्त आहे, तो एक माझा कान!" साडू चहा पिऊन गेले. मग मी ते कॅलेंडर उलटवून पाहिलं. मोजलं. पुन्हा मोजलं. नऊ.

"अगं, हे नऊ आहेत!"

"हो," ही म्हणाली. "भाऊजींसमोर तुमचा चेहरा एवढा एवढासा झाला होता. दोन वाढवले."

आणि वर सहज, कपबशा विसळता विसळता विचारते, "अहो, विमानात जे नाही तेही तुम्हाला ऐकू आलं. मग दुकानात कप वाजवून नक्की काय ऐकता?"

झोपच उडाली हो माझी! गेल्या महिन्यात तीन कप परत आले होते, ठाऊक आहे? तिन्ही गिऱ्हाइकांना मी म्हणालो होतो, "घरी आपटला असेल." एका बाईंशी तर भांडलो! आणि आता वाटतंय… कप गेले तरी चालतील, नवे मागवता येतात. पण "काका, तुम्ही वाजवून दिलात ना" हे वाक्य गेलं तर ते कुठून मागवू?

म्हणून आज सकाळी हिला बसवलं. हिने कपांत पाणी भरून ते कागदावर ठेवले, ज्याच्याखाली कागद ओला झाला, त्याच्या बुडाला पेन्सिलने फुली मारली. त्यातले हे वीस. फुलीवाले किती, मला माहीत नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. तुम्ही एकेक टिचकी मारा, मी चांगला की तडकलेला ते सांगतो, तुम्ही बूड बघून लिहा. पंधराच्या वर बरोबर आले तर तुमचा डझन मी वाजवून देतो. नाही आले, तर यापुढे दुकानात पाण्याची बादली ठेवतो, पाटीही लावतो, आणि त्या भांडलेल्या बाईंच्या दारात नवा कप घेऊन जातो.

हा घ्या कागद, ही पेन्सिल. आता मी काही संशयी माणूस नाही, पण एवढी एकच विनंती आहे… हिशेब खरा ठेवा. माझ्या चेहऱ्याकडे बघू नका, दिसणारच नाही म्हणा. आणि दया तर मुळीच करू नका. दोन वाढवून द्यायला घरी माणूस आहे.