धवळ्याला नवरी हवी

अगं, एमएला जुन्या लग्नगीतांच्या चालींवर माझा प्रबंध होता ना, त्यासाठी मी खर्डीजवळच्या एका पाड्यावर गेले. तिथे लग्नात धवळे गाणाऱ्या हौसाबाईंना म्हटलं, "आजी, तुमच्याकडचा सगळ्यात जुना धवळा म्हणा ना."

"लगीन नाय तर कसा म्हणू गो? नवरी पायजे."

चार दिवसांत प्रबंध द्यायचा होता. मी गयावया केली. तेव्हा त्यांनी मलाच पाटावर बसवलं, हळद लावली आणि माझं नाव घालून गायला लागल्या. मी फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. पाठवणीच्या कडव्याला मी खरंच हुंदके देऊन रडले.

तोंडी परीक्षेत सरांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं. म्हणाले, "नवरीचं रडणं फार अस्सल आलंय. कुणाचं लग्न होतं?"

"माझंच, सर. नवरा तेवढा मिळायचाय."