गोदीचा पदर

नाय, सुका जवळा कुठं पळून जात नाय गो, बांधून देते, पन आधी जरा पाठमोरी हो बघू. हो ना. लाजतेस काय, तुज्या आयेएवढी हाय मी. हां — असाच. उजव्या अंगाला खोचून, वर एक पीळ, आन टोक पाठीवर मोकळं. हा कुनाचा बघून खोचतेस तू? कुनाचाच नाय? आपल्या मनानं? बाय, सगळ्या असंच म्हनतात. माजी गोदीबी म्हनायची. आमच्या कोपरी गावात बायका पदर खोचतात डावीकडं — माजी सासू डावीकडं, मी डावीकडं, शेजारची मनुबाई डावीकडं — आन एक दिवस ही पोरगी उजवीकडं खोचून उभी. विचारलं तर म्हनते, आये, हा माज्या मनातला हाय, मी कुनाच्या मागनं जानारी नव्हं. झालं, बघता बघता गावच्या निम्म्या पोरी तशाच. एकीची तर विहिरीवर वेणीच ओढली हिनं, माजा पदर काढ म्हनून. हसतेस? मीबी लय हसलेले तवा.

तर खरं सांग, कुनाचा बघून? जावेचा. बघ, निघालं ना. जाऊ कुठली, शहाडची? आन तिनं कुनाचा बघितला — लग्नात? कुनाच्या? काळुरामच्या घरच्या? अगो, ते तर आमच्या कोपरीतलं, आमच्या शेजारचं. पंगतीत वाढनाऱ्या पोरीचा बघितला म्हनतेस. उंच व्हती? सारखी हसत व्हती? ते जावेनं सांगितलं नाय — ऱ्हाऊ दे. तीच ती. माजी गोदीच ती. म्हनजे कोपरीतनं शहाडला, शहाडवरनं माजिवड्याला तुज्याकडं आला तो पदर. बस जरा. बस इथं, सावलीला.

काय विचारलंस? नाय गो, सासरी नाय. गेली. गेल्या साली गाठीचा ताप आलेला ना, पलेग म्हनतात तो, त्यात. सरकारी मानसं आली, म्हनाली गावाबाहेर छपरात न्यायची. उचलायला लागले तशी ती म्हनाली, हात नका लावू, माजी मी येते. आन गेली चालत, अंगात एवढा ताप, तरी पदर नीट खोचून. मला अडवलेलं त्यांनी बांधाशी. मी हाक नाय मारली — वळली असती तर तिचा धीर गेला असता, म्हनून नाय मारली. पाठच बघितली मी तिची, आगगाडीच्या लायनीपलीकडं जाईपर्यंत. मागनं तिची लुगडी, चोळ्या, गोधडी, सगळं दारात जाळलं. एक चिंधी ठेवली नाय. आमचा राघो, तिचा भाऊ, म्हनतो, आता तिचं नाव काढू नको. त्यालाबी सोसत नाय, मला कळतं. पन घरात कुनाला बोलले नाय ते तुला सांगते — मला माज्या पोरीचं तोंड आठवत नाय. नाक आठवतं, कपाळावरचं गोंदण आठवतं, पन तोंड म्हनून उभं ऱ्हात नाय. डोळे मिटले की पाठच. म्हनून तर मिठागर सोडून इथं ठान्याच्या बाजारात येऊन बसते. तसा पदर खोचलेली कुनी गेली की टोपली टाकून तिच्या मागनं जाते. पुढं जाऊन तोंड नाय बघत मी. नुसती मागनं चालते, वाट असंल तिथवर. मानसं म्हनतात बायजाला येड लागलंय. म्हनू देत.

एवढंच तिचं उरलंय बघ. जाळता नाय आलं कुनाला. तिनं आपल्या मनानं काढलेलं, कुनाचं बघून नाय. उद्या तुजी पोर खोचंल, तवा तिला सांग, हा कोपरीच्या गोदीचा म्हनून. सांगशील ना? — काय? माज्या कमरेकडं काय बघतेस?

उजवीकडं? छट्. मी डावीकडंच खोचते, जनमभर — थांब. थांब जरा. हा पीळ कुनी घातला? आज घातला असंल, तिच्या आठवनीत. हात आपसुक करतात, आपुन बघतो कुठं. आपली पाठ आपल्याला दिसते काय? काय म्हनतेस — लुगडं तिथंच झिजलंय? दाखव. बोट लाव. ...हां. विरलंय खरं. जुनं हाय हे लुगडं. गोदीच्या आधीचं.

अशक्त पोर व्हती गो. खाली ठेवली की रडायची. डाव्या कडेवर घेऊन मीठ ओढायची मी. खाऱ्या पान्यानं गाठ कडक व्हायची आन तिच्या मांडीला घासायची, कातडी सोलून लाल. म्हनून गाठ इकडं घेतली, उजवीकडं. टोक मोकळं सोडलं, तिला मुठीत धरायला. मंग मोठी झाली, उतरली कडेवरनं, आन गाठ परत डावीकडं घ्यायची ऱ्हाऊनच गेली असंल. रोज बांधावरनं माज्या मागनं चालायची ती. दुसरं काय बघनार, माजी पाठच की.

आन मी इतके दिस परक्या पोरींच्या मागनं... मंग तिचं काय उरलं गो? सांग ना, तिचं म्हनून काय उरलं? — नाय, बोलू नको. समजूत नको घालू माजी. तुला नाय कळायचं, मलाच कळत नाय. हा घे जवळा. पैशे ऱ्हाऊ दे. ऊन चढलं, माजिवड्यापर्यंत चालायचंय तुला. जा, बाय. जा म्हनते ना.